फीड ओसाड दिसते, मग टेकवरच्या चांगल्या चर्चा शोधायच्या कुठे?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. रेडिट सोडून तुम्ही लेमीच्या, म्हणजे एकमेकांशी जोडलेल्या अनेक स्वतंत्र सर्व्हरांवर चालणाऱ्या रेडिटसारख्या जागेच्या, एका लहान सर्व्हरवर खातं उघडलंत. 'टेक्नॉलॉजी', 'लिनक्स', 'प्रोग्रॅमिंग' अशी नावं शोधून कम्युनिटी सबस्क्राइब केल्यात. महिनाभराने हाती लागल्या त्या बातम्यांच्या लिंका आणि मीम्स, आणि ज्यांची नावं बघून आशा वाटली होती तिथली शेवटची पोस्ट कित्येक महिन्यांपूर्वीची. तुम्हाला पायथनमधलं बॅकएंड, जुन्या लॅपटॉपवर चालवलेला घरचा सर्व्हर आणि एकूणच 'हे असं का चालतं' या धाटणीच्या गप्पा हव्या आहेत. चांगल्या कम्युनिटींची यादी कोणी देईल का, असं तुम्ही शेवटी विचारलंय.

काही नावं खाली ओघात येतील. पण यादीने तुमचं काम होईल असं मला वाटत नाही. याद्या लवकर शिळ्या होतात, आणि तुमची खरी अडचण नावं माहीत नसण्याची नाहीच. मोठ्या प्लॅटफॉर्मवर तुम्ही काय वाचता, कुठे रेंगाळता, हे बघून पुढे काय दाखवायचं ते अल्गोरिदम ठरवतो. निवडण्याचं काम तुमच्या नकळत होत असतं. लहान जागी ते करणारं कोणी नसतं, ते आपल्यालाच करावं लागतं. मी बरीच वर्षं प्रोग्रॅमिंगची एक लहान कम्युनिटी मॉडरेट करतोय आणि नव्याने येणारे बहुतेक जण इथेच अडतात. जागा लहान असते, पण वाचायची सवय मोठ्या जागेची असते.

पुढचं बरंचसं एका गोष्टीवर अवलंबून आहे, ती आधी ठरवा. तुम्हाला बातम्या हव्यात, अडलेल्या कामात मदत हवी, की चर्चा हवी? या तीन वेगळ्या गरजा आहेत आणि एकाच जागी तिन्ही नीट भागत नाहीत. बातम्यांसाठी एखादा आरएसएस रीडर (साइटांवरचं नवं लिखाण एकत्र आणून देणारं ॲप) आणि निवडक ब्लॉग पुरतात, त्यासाठी कम्युनिटी लागत नाही. एखाद्या लायब्ररीत (तयार कोडच्या संचात) अडलात तर त्या प्रकल्पाचा स्वतःचा फोरम गाठणं केव्हाही बरं, कारण ती लायब्ररी लिहिणारी माणसं तिथे असतात. पायथनचा किंवा रस्टचा फोरम डिस्कोर्स या सॉफ्टवेअरवर चालतो. डिस्कोर्समध्ये नवीन आयडीवर सुरुवातीला थोडी बंधनं असतात आणि ती वाचनाने सुटतात: मूळ सेटिंगप्रमाणे ५ धागे उघडले, ३० पोस्ट वाचल्या आणि एकूण १० मिनिटं वाचनात घालवली की पुढची पायरी मिळते. आधी वाचा, मग बोला, हा नियम सॉफ्टवेअरमध्येच घातलेला आहे आणि मला तो पटतो. उरली चर्चा. तुमच्या प्रश्नावरून तुम्हाला तीच हवी आहे असं धरून पुढे लिहितो.

आधी तुमचा सर्व्हर तपासू, कारण हा ओसाडपणा बराचसा भास असण्याची दाट शक्यता आहे.

लेमी ॲक्टिव्हिटीपब या प्रोटोकॉलवर, म्हणजे सर्व्हरांनी एकमेकांशी बोलण्याच्या ठरलेल्या नियमांवर, चालतं. वेबची प्रमाणं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसीने जानेवारी २०१८ मध्ये त्याला प्रमाण म्हणून मान्यता दिली आणि मॅस्टोडॉन हे सोशल नेटवर्कही त्याच्यावरच चालतं. यात प्रत्येक सर्व्हर आपल्यापुरती प्रत ठेवतो. दुसऱ्या सर्व्हरवरच्या कम्युनिटीतल्या नव्या पोस्ट तुमच्याकडे कधी येतात? तुमच्या सर्व्हरवरच्या निदान एका माणसाने ती कम्युनिटी सबस्क्राइब केलेली असेल तेव्हाच. म्हणजे 'ऑल' या फीडमध्ये जगातलं सगळं नसतं, तुमच्या सर्व्हरवरच्या लोकांनी मिळून जे मागवलंय तेवढंच असतं. सर्व्हरवर माणसं कमी असतील आणि त्यातल्या बहुतेकांना मीम्स आवडत असतील, तर 'ऑल'मध्ये मीम्सच दिसणार. शिवाय एखादी कम्युनिटी तुमच्या सर्व्हरवरून पहिल्यांदाच कोणी सबस्क्राइब केली, तर तिच्या अगदी थोड्या अलीकडच्या पोस्ट येतात आणि त्यांच्याखालचे जुने प्रतिसाद येतच नाहीत. प्रत्यक्षात तिथे शंभर प्रतिसादांची चर्चा झालेली असू शकते, तुम्हाला मात्र शून्य दिसतं.

म्हणून कुठलीही कम्युनिटी मेलेली आहे असं ठरवण्याआधी ती तिच्या मूळ सर्व्हरवर, लॉगिन न करता, ब्राउझरमध्ये उघडून बघा. नव्याने येणाऱ्यांना मी सर्वात आधी हेच सांगतो. 'इथे काहीच नाही' म्हणणारे बरेच जण याने चकित होतात.

याच्या जोडीला सेटिंग्जमधली भाषांची यादी बघा. लेमीत प्रत्येक पोस्टला भाषा लावता येते, पण बहुतेक लोक ती लावत नाहीत आणि अशा पोस्ट 'अनडिटरमाइंड' (भाषा ठरलेली नाही) या खात्यात जातात. तुम्ही प्रोफाइलमध्ये फक्त मराठी आणि इंग्रजी निवडली असेल आणि 'अनडिटरमाइंड' सोडून दिलं असेल, तर लेमीवरचा बराच मजकूर तुमच्यापासून आपोआप लपतो. ही एक टिक लावल्यावर फीड भरलेली मी पाहिली आहे. आणि सर्व्हरच्या तळाशी 'इन्स्टन्सेस' नावाचं पान असतं, त्यावर तुमच्या सर्व्हरने कोणाकोणाला ब्लॉक केलंय ते उघड दिसतं. तुम्हाला हवी असलेली कम्युनिटी त्या यादीतल्या सर्व्हरवर असेल, तर कितीही शोधलं तरी ती येणार नाही. अशा वेळी सर्व्हर बदलणं हाच उपाय.

मग फीडमध्ये पोस्ट लावण्याचा क्रम. सुरुवातीला 'ॲक्टिव्ह' हा क्रम लावलेला असतो. त्यात मतं आणि ताजे प्रतिसाद बघितले जातात, त्यामुळे मोठ्या कम्युनिटी लहानांना झाकून टाकतात. डिसेंबर २०२३ च्या ०.१९ आवृत्तीत 'स्केल्ड' नावाचा क्रम आला. तो लहान कम्युनिटीतल्या पोस्टना वर येण्याची संधी देतो. सबस्क्राइब केलेल्या फीडला 'स्केल्ड' लावा. एकेका कम्युनिटीत मात्र 'न्यू कमेंट्स' लावून बघा. हा क्रम जुन्या फोरमसारखा चालतो: नवा प्रतिसाद आला की धागा वर येतो, मग तो कितीही जुना असो. लहान जागी चर्चा संथ चालते. तीन आठवड्यांपूर्वीच्या धाग्यावर आज आलेला नेमका प्रतिसाद तुम्हाला फक्त याच क्रमाने दिसेल.

एवढं केल्यावर कम्युनिटी शोधायला 'लेमीव्हर्स डॉट नेट' हे ठिकाण बरं आहे. तिथे अनेक सर्व्हरांवरच्या कम्युनिटींची एकत्र नोंद असते. तिथेही एक चकवा आहे, तो म्हणजे सदस्यसंख्या. रेडिटने एपीआयसाठी (बाहेरच्या ॲप्सना रेडिटचा मजकूर मिळवून देणाऱ्या सोयीसाठी) पैसे आकारण्याचं ठरवल्यावर जून २०२३ मध्ये हजारो सबरेडिटनी (रेडिटवरच्या कम्युनिटींनी) निषेध म्हणून आपापली दारं बंद केली आणि त्या दिवसांत लोक लोंढ्याने लेमीवर आले. आल्या आल्या अनेकांनी आपल्या जुन्या सबरेडिटच्या नावाने कम्युनिटी उघडल्या. एकाच नावाच्या चार-चार, वेगवेगळ्या सर्व्हरांवर. त्यातल्या कित्येकांचे मॉडरेटर काही आठवड्यांत परत गेले, पण सदस्यांचा आकडा तसाच राहिला. म्हणून एकूण सदस्य बघू नका, महिन्याभरातले सक्रिय सदस्य बघा. तोही आकडा मी फार गांभीर्याने घेत नाही. मी प्रतिसाद वाचतो.

वाचतो म्हणजे काय, ते सांगतो. कम्युनिटी उघडली की महिन्याभरातल्या वरच्या चार-पाच पोस्ट उघडायच्या आणि मूळ पोस्टकडे फारसं लक्ष न देता थेट प्रतिसादांकडे जायचं. प्रतिसादाला प्रतिसाद आहे का? सगळे जण मूळ पोस्टलाच एकेक ओळ टाकून निघून गेले असतील, तर ती चर्चा नव्हे, हजेरी आहे. प्रश्न विचारणारा परत आला का? त्याने 'हे करून बघितलं, असं झालं' असं लिहिलं असेल तर ती जागा जिवंत आहे. मतभेद झाले तेव्हा लोकांनी काय केलं? 'माझ्याकडे उलट अनुभव आला, माझा सेटअप असा' असं लिहिणारे दिसले, तर मी लगेच सबस्क्राइब करतो. आणि कोणी अवांतर सुरू केल्यावर मॉडरेटर काय करतो हेही बघा. लेमीत मॉडरेशनची नोंद सगळ्यांना बघता येते. ज्या कम्युनिटीच्या नोंदवहीत वर्षभर काहीच नाही, तिथे बहुतेक वेळा मॉडरेटर उरलेला नसतो.

आता विषयाच्या रुंदीबद्दल. माझ्या दृष्टीने तुमची मुख्य गफलत इथे आहे. तुम्ही सगळ्यात रुंद नावं निवडलीत. 'टेक्नॉलॉजी' नावाची कम्युनिटी कुठल्याही प्लॅटफॉर्मवर थोड्याच दिवसांत कंपन्यांच्या बातम्या आणि त्यावरचा संताप यांनी भरते. यात कोणाचा दोष नाही. एखाद्या कंपनीने कर्मचारी काढले या बातमीवर प्रत्येकाला मत असतं, पण डेटाबेसच्या इंडेक्सबद्दल बोलायला तो इंडेक्स बनवून बघितलेला असावा लागतो. रुंद जागी मतं मिळतात. अरुंद जागी हात घालून बघितलेली माणसं भेटतात. टिल्ड्स या साइटने ही गोष्ट रचनेतच मान्य केली आहे. २०१८ मध्ये सुरू झालेल्या या लहान, विनानफा साइटवर तंत्रज्ञानाच्या बातम्यांसाठी 'टेक' हा गट आहे आणि प्रोग्रॅमिंग व संगणकाच्या आतल्या कामकाजासाठी 'कॉम्प' हा वेगळा गट आहे. तुम्हाला जे हवंय ते नेहमी दुसऱ्या गटात सापडेल.

ही गोष्ट आजची नाही. २५ ऑगस्ट १९९१ रोजी लिनस टोरवाल्ड्सने आपण एक ऑपरेटिंग सिस्टीम (तीच पुढे लिनक्स झाली) लिहीत असल्याचं पहिल्यांदा जाहीर केलं ते यूजनेट या जुन्या चर्चा-जाळ्यावरच्या मिनिक्सच्या गटात. मिनिक्स म्हणजे ॲन्ड्र्यू टॅनेनबॉम यांनी शिकवण्यासाठी लिहिलेली एक छोटी सिस्टीम. तिच्यावर बोलणाऱ्या लोकांना टोरवाल्ड्सने विचारलं की मिनिक्समधलं तुम्हाला काय आवडतं आणि काय आवडत नाही. 'ऑपरेटिंग सिस्टीम कशी असावी?' असा मोघम प्रश्न नव्हता तो. समोर रोज मिनिक्स वापरणारे, तिच्या मर्यादांशी झगडणारे लोक होते, त्यामुळे उत्तरंही कामाची आली. जानेवारी १९९२ मध्ये त्याच गटात टॅनेनबॉम यांनी लिनक्सची रचनाच कालबाह्य आहे असं म्हटलं, आणि सिस्टीमचा गाभा लहान ठेवावा की सगळं एकाच गाभ्यात घ्यावं, असा मायक्रोकर्नल विरुद्ध मोनोलिथिक कर्नल हा वाद पेटला. तो धागा लोक अजून वाचतात.

तेव्हा 'लिनक्स'ऐवजी सेल्फहोस्टिंगची (स्वतःच्या मशीनवर सर्व्हर चालवण्याची) कम्युनिटी घ्या. 'प्रोग्रॅमिंग'ऐवजी तुमच्या भाषेची, किंवा त्याहूनही अरुंद, तुम्ही वापरता त्या डेटाबेसची किंवा फ्रेमवर्कची. 'प्रोग्रॅमिंग डॉट डेव्ह' हा अख्खा सर्व्हरच प्रोग्रॅमरांसाठी आहे आणि त्याचं 'लोकल' (फक्त त्याच सर्व्हरवरच्या कम्युनिटींचं) फीड नुसतं चाळलं तरी अनेक अरुंद कम्युनिटी हाती लागतात. जुन्या संगणकांत रस असेल तर १९८७ पासून चालू असलेल्या एसडीएफ या सार्वजनिक युनिक्स सिस्टीमचाही लेमी सर्व्हर आहे. तिथली मंडळी जुनी आणि मुरलेली आहेत.

इथवरचं सगळं कम्युनिटी शोधण्याबद्दल झालं. पण मी स्वतः गेली काही वर्षं कम्युनिटी शोधतच नाही. मी माणसं शोधतो.

करायचं एवढंच: एखादा प्रतिसाद वाचून 'अरे, याला कळतंय' असं वाटलं, की त्या आयडीवर क्लिक करायचं आणि त्याचे बाकीचे प्रतिसाद वाचायचे. चांगलं लिहिणारा माणूस साधारणपणे चार-पाच ठिकाणी लिहीत असतो आणि त्यातली दोन तरी तुम्हाला माहीत नसतात. तिथे त्याच्याशी बोलणारे आणखी दोघे भेटतात. अशा रीतीने महिनाभरात जे हाती लागतं ते कुठल्याही शोधपेटीत मिळत नाही, कारण शोधपेटीत तुम्ही फक्त माहीत असलेले शब्द टाकू शकता. ज्या विषयाचं नावच आपल्याला ठाऊक नाही, तो विषय माणसामार्फतच भेटतो. मला कन्सिस्टन्ट हॅशिंगबद्दल (डेटा अनेक सर्व्हरांवर वाटण्याच्या एका पद्धतीबद्दल) पहिल्यांदा नीट कळलं ते असंच. कॅशबद्दल (वारंवार लागणारा डेटा हाताशी साठवण्याबद्दल) उत्तम लिहिणाऱ्या एका आयडीचे जुने प्रतिसाद वाचता वाचता एका बाजूच्या धाग्यात ते सापडलं. त्या धाग्याचं शीर्षक भलतंच होतं.

लॉबस्टर्स या साइटवर तर हा धागादोरा उघड करून ठेवलाय. २०१२ मध्ये सुरू झालेली ही साइट केवळ आमंत्रणावर चालते आणि कोणी कोणाला आमंत्रण दिलं याचा पूर्ण वृक्ष सर्वांना दिसतो. एक चांगला लेखक सापडला की त्याने कोणाकोणाला आणलं ते बघता येतं. प्रत्येक पोस्टला टॅग लावावा लागतो, नको असलेले टॅग लपवता येतात, आणि एकेका टॅगचं वेगळं आरएसएस मिळतं. खातं नसतानाही हे सगळं वाचता येतं, म्हणून आमंत्रणासाठी अडून बसू नका. हॅकर न्यूज लहान नाही, पण तिथेही पहिलं पान सोडून 'बेस्ट कमेंट्स' हे पान वाचून बघा. एकच साइट किती वेगळी दिसते ते जाणवेल.

आता जरा नाजूक भाग. तुम्ही लिहिलंय की महिनाभर तुम्ही वाचनमात्र आहात आणि 'चांगली जागा सापडली की लिहीन'. हा क्रम मला उलटा वाटतो. वेबसाइटांच्या वापरसुलभतेचे अभ्यासक जेकब नील्सन यांनी २००६ मध्ये एक ढोबळ प्रमाण मांडलं होतं: ऑनलाइन समूहात शंभरातले नव्वद फक्त वाचतात, नऊ अधूनमधून लिहितात आणि बहुतेक मजकूर एकाच माणसाकडून येतो. लाखोंच्या समूहात एक टक्का म्हणजे हजारो लोक झाले. तिथे तुम्ही गप्प बसलात तर कोणाला पत्ताही लागत नाही. पाचशे जणांच्या कम्युनिटीत एक टक्का म्हणजे पाच माणसं. त्यातला एक सुट्टीवर गेला तरी ती जागा ओसाड दिसते. तुमच्यासारखे वीस जण 'कोणीतरी सुरू करेल' म्हणून थांबलेले असतात, आणि ही माझी कल्पना नाही. आमच्याकडे एखादा चांगला धागा पेटला की कित्येक महिने गप्प असलेले आयडी एकदम बोलायला लागतात. ते होतेच, फक्त दिसत नव्हते.

लगेच धागे काढा असं मी म्हणत नाही. सुरुवात प्रतिसादांनी करा. शून्य प्रतिसाद असलेल्या पोस्ट शोधा आणि ज्यावर तुम्हाला थोडंफार ठाऊक आहे तिथे लिहा. पूर्ण उत्तर येत नसेल तर नेमका उलटप्रश्न विचारा. चांगल्या उलटप्रश्नाची किंमत पुष्कळदा उत्तराहून जास्त असते. आमच्या कम्युनिटीतलं एक उदाहरण देतो, म्हणजे नेमकं काय म्हणतोय ते कळेल.

'एसक्यूलाइट की पोस्टग्रेस, काय घ्यावं?' असा, दोन डेटाबेसची तुलना करणारा धागा आमच्याकडे दर थोड्या दिवसांनी येतो. त्याला दहा-बारा प्रतिसाद येतात, सगळे आपापली आवड सांगतात, धागा संपतो. त्यातून कोणी काही शिकलेलं मी पाहिलेलं नाही. एकदा मात्र कोणीतरी याच विषयावर असं लिहिलं: पायथनचं छोटं ॲप आहे, एकाच मशीनवर चालतं, डेटाबेस एसक्यूलाइट. वेब आणि बॅकग्राऊंड जॉब दोघेही लिहितात. डब्ल्यूएएल मोड (बदल आधी वेगळ्या फाइलीत नोंदवण्याची पद्धत) चालू आहे, टाइमआउट (लॉक सुटायची वाट बघण्याची मर्यादा) पाच सेकंद ठेवलाय, तरी मधूनच 'डेटाबेस इज लॉक्ड' येतं. खाली चार ओळींचा कोड होता: बिगिन, सिलेक्ट, अपडेट, कमिट.

पहिला प्रतिसाद एका ओळीचा होता: "एरर पाच सेकंदांनी येते की लगेच?"

विचारणाऱ्याने लॉग तपासला आणि लिहिलं, लगेच येते. तिथून सगळं उलगडलं. लगेच येते म्हणजे लॉक सुटायची वाट बघून कंटाळल्यामुळे ती येत नाही. नुसत्या 'बिगिन'ने सुरू झालेलं ट्रान्झॅक्शन (एकत्र पार पडणाऱ्या कामांचा संच) पहिल्या सिलेक्टला वाचक म्हणून उभं राहतं आणि डेटाबेसची त्या क्षणाची स्थिती धरून ठेवतं. तेवढ्यात दुसऱ्या जॉबने काही लिहिलं, तर आपण धरलेली स्थिती शिळी झाली. शिळ्या माहितीवर अपडेट करू देणं चूक ठरेल आणि कितीही थांबलं तरी ती माहिती ताजी होणार नाही. म्हणून एसक्यूलाइट टाइमआउट न पाळता तत्काळ नकार देतं. उपाय एका शब्दाचा: 'बिगिन इमिजिएट' लिहायचं, म्हणजे लिहिण्याचा हक्क सुरुवातीलाच मागितला जातो आणि मग टाइमआउट खरोखर पाळला जातो. पुढे कोणीतरी आठवण करून दिली की डब्ल्यूएएल मोड नेटवर्कवरच्या फाइलसिस्टीमवर चालत नाही, डेटाबेस नॅसवर (नेटवर्कवरच्या स्टोरेजवर) ठेवला असेल तर सावध राहा. आणखी एकाने पोस्टग्रेसमध्ये हाच प्रसंग कसा हाताळला जातो ते लिहिलं. म्हणजे 'एसक्यूलाइट की पोस्टग्रेस' या प्रश्नाचं खरंखुरं उत्तरही त्याच धाग्यात मिळालं, कोणी ते विचारलेलं नसताना.

दोन्ही धाग्यांना उत्तर देणारी माणसं तीच होती. म्हणून 'इथे टेकवर कोणी बोलतच नाही' असं कोणी म्हटलं की मला वाटतं, बोलायला धरण्यासारखं काहीतरी समोर ठेवलंय का? काय करून बघितलं, काय अपेक्षित होतं, काय झालं, एवढं लिहिलं की जाणकाराला हात घालायला जागा मिळते. आणि उत्तर मिळालं की परत येऊन काय झालं ते नक्की लिहा. वर कम्युनिटी पारखताना मी हीच खूण बघायला सांगितली होती. तुमच्यानंतर येणारा तुमच्या धाग्यात तीच शोधणार आहे.

वेगाबद्दल थोडंसं. दर तासाला रिफ्रेश करणाऱ्याला लहान जागा नेहमीच रिकामी दिसणार. आठवड्यातून दोन-तीनदा निवांत बसा, 'न्यू कमेंट्स'ने चाळा आणि दोन दिवसांपूर्वीच्या प्रतिसादाला बिनधास्त उत्तर द्या. उशीर झाला असं इथे कोणी मानत नाही. लेमीच्या प्रत्येक कम्युनिटीचं आरएसएस मिळतं. ज्या दोन-तीन जागा खरंच आवडतील त्या रीडरमध्ये टाका, म्हणजे महिन्यात चारच पोस्ट येणारी जागाही हातची जात नाही. माझ्या अनुभवात सर्वात चांगल्या कम्युनिटी अशाच आहेत.

नवीन कम्युनिटी उघडण्याचा मोह होईल, तो सध्या आवरा. उघडायला एक मिनिट लागतं, पण नंतर कित्येक महिने एकट्याने लिहीत राहायची तयारी लागते. त्यापेक्षा मिळत्याजुळत्या कम्युनिटीत तुमच्या विषयाचे दोन-तीन धागे काढून बघा. तिथे माणसं जमली आणि बाकीच्यांना त्याचा त्रास व्हायला लागला, तर वेगळं घर करायची वेळ आली असं समजा.

एक खबरदारी मात्र आजच घ्या. लहान सर्व्हर बंद पडतात. लेम डॉट ईई हा चांगला चाललेला, मोठ्या सर्व्हरांत गणला जाणारा सर्व्हरसुद्धा जून २०२५ च्या अखेरीस चालकांनी बंद केला, आणि त्याच्यावर राहणाऱ्या कम्युनिटींना दुसरीकडे घर शोधावं लागलं. लेमीच्या सेटिंग्जमध्ये 'एक्स्पोर्ट' आहे. त्याने तुमच्या सबस्क्रिप्शनची यादी फाइल म्हणून उतरवून घेता येते आणि नव्या सर्व्हरवर चढवता येते. ती फाइल अधूनमधून उतरवून ठेवा. आणि एकाच नावाच्या दोन कम्युनिटींपैकी एक निवडायची असेल, तर ज्या सर्व्हरचे चालक खर्च कसा भागतो, ॲडमिन किती आहेत हे उघडपणे लिहितात, त्याच्यावरची घ्या.

तुम्ही प्रश्नात जाता जाता लिहिलंय की जुन्या लॅपटॉपवरच्या सर्व्हरचा बॅकअप चालू असताना पायथनचं ॲप अडखळतं. तुमचा पहिला धागा तिथेच आहे. डेटाबेस कुठला, बॅकअप कशाने घेता, फाइल नुसती कॉपी करता की डेटाबेसची स्वतःची बॅकअप सोय वापरता, डिस्क फिरणारी आहे की एसएसडी, आणि अडखळणं म्हणजे किती सेकंद, एवढं लिहून तो सेल्फहोस्टिंगच्या कम्युनिटीत टाका. लिंक इथे दिलीत तर मीही येतो, कारण डेटाबेस एसक्यूलाइट असेल आणि फाइल चालू स्थितीत नुसती कॉपी होत असेल, तर ॲप अडखळण्याआधी तो बॅकअप उघडतो का हे तपासावं लागेल.